दिलात नसलेली माफी

शमीमभाभींनी माझ्या पुरणपोळीला कधीच चांगलं म्हटलं नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी डबा न्यायची. त्या माझ्यासमोरच एक पोळी खायच्या, पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, पुरण कोरडं झालंय. पण आणलंत, लई बरं वाटलं." दोन्ही वाक्यं एकाच सुरात. पहिल्या वर्षी मला राग आला. नंतर माझ्या लक्षात आलं, की त्यांनी 'बरं वाटलं' म्हटलं म्हणजे ते खरोखरच वाटलेलं असतं, आणि असं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

उमरग्यात हायवेच्या पलीकडे आमची शाळा. शाळेच्याच आवारात, कोपऱ्यातल्या खोलीत अंगणवाडी, आणि ती अंगणवाडी शमीमभाभींची. मी चौथीचा वर्ग घ्यायची. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी त्यांच्या खोलीच्या पायरीवर बसून डबा खायचो. भाभी उंच, हाडापेरानं रुंद, चालताना डाव्या गुडघ्यावर जरा दबायच्या. कपाळाला ओढणी इतकी घट्ट बांधायच्या की केसाची एक बट कधी बाहेर दिसली नाही. आवाज मात्र मोठा. मुलं त्यांना भ्यायची नाहीत. त्यांनी दटावलं तरी त्यांच्याच मांडीला जाऊन चिकटायची.

रमजानमध्ये त्यांची गंमत असायची. महिन्यातले ते चार दिवस बायकांना रोजा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण घराघरातल्या बायका त्या दिवसांतही दिवसभर तोंड कोरडं ठेवून, रोजा असल्यासारखं वावरतात. पुरुषांना कळायला नको म्हणून. भाभी चारचौघांत खायच्या नाहीत, पण कुणी "रोजा हाय ना?" विचारलं की सरळ "आज न्हाय" म्हणायच्या. एकदा त्यांची नणंद माझ्यादेखत त्यांच्यावर चिडली. लाज वाटत नाही का, म्हणाली. भाभी म्हणाल्या, "मी जेवले यात गुन्हा न्हाय. उपाशी असल्याचं सोंग केलं तर गुन्हा आहे. रोजा काय लोकांसाठी धरतो व्हय आपण?" आणि आत जाऊन त्यांनी नणंदेसाठी इफ्तारीची भजी तळायला घेतली.

घरी दोन-चार शेळ्या होत्या. बकरी ईदच्या आधी बसवकल्याणचा एक माणूस त्यांचा बोकड बघायला आला. धिप्पाड, काळाभोर, चमकदार अंगाचा बोकड. माणसाला पसंत पडला. दलाल तर हात चोळत उभा होता. तेवढ्यात भाभींनी बोकडाचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि सांगितलं, याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलंय, या डोळ्यानं त्याला दिसत नाही, कुर्बानीला चालणार नाही. तो माणूस परत गेला. दलाल गल्लीच्या टोकापर्यंत बडबडत गेला, की डोळ्याचं कुणाला दिसलं असतं. भाभी मला म्हणाल्या, "ज्याला कुर्बानी द्यायची त्याला दिसलंच असतं की." तो बोकड पुढं कसायाला कमी भावात गेला. या खरेपणाचं त्यांना कुणी बक्षीस दिलं नाही. त्यांनीही कधी वाट पाहिली नाही.

आमच्याकडं एकदा तपासणीला साहेब येणार होते. सकाळी पर्यवेक्षक बाईंनी लहान लहान पोरांना पढवून ठेवलं, की साहेबांनी विचारलं की रोज अंडं मिळतं म्हणायचं. साहेबांनी विचारलं. पोरांनी एका सुरात 'मिळतं' म्हटलं. साहेब खूश. भाभी भिंतीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, अंडी बऱ्याच दिवसांपासून आली न्हाईत. हे पोरांना आज सकाळी शिकवलंय. एवढ्या लहान पोरांना झूट शिकवायला ही शाळा न्हाय." पर्यवेक्षक बाई पुढं कित्येक महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाभींनी अजिबात मनावर घेतलं नाही. अंडी मात्र त्याच आठवड्यात आली.

एवढं सांगितलं म्हणजे कुणाला वाटेल, की शांत, सोशिक, देवभोळी बाई असणार. तसं नव्हतं. मी माझ्या आयुष्यात इतकी सूडानं पेटलेली बाई दुसरी पाहिली नाही.

त्यांचा नवरा युसूफभाई ट्रक चालवायचा. उमरग्यातल्या सत्तारशेठच्या गाडीवर होता. सत्तारशेठ म्हणजे मोठं नाव. ट्रक, गोदाम, हायवेवर हॉटेल, मशिदीच्या कामात पुढं. एके दिवशी सकाळी युसूफभाईनं शेठला फोन करून सांगितलं की गाडीचे ब्रेक नीट धरत नाहीत, आज नको, आधी दाखवून घेतो. भाभी चुलीपाशी भाकरी थापत होत्या, त्यांनी स्वतः ऐकलं. पलीकडून शेठ म्हणाला की माल आजच पोचला पाहिजे, तू निघ. युसूफभाई निघाला. नळदुर्गच्या अलीकडच्या उतारावर गाडी आवरेना. पुढं ऊसतोड मजुरांनी भरलेला ट्रॅक्टर होता, बायका-पोरांसकट. युसूफभाईनं गाडी रस्त्याच्या खाली घातली. ट्रॅक्टरवरच्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. युसूफभाई जागेवर गेला.

मजूर दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेनं निघून गेले. आणि सत्तारशेठनं, गाडीच्या हालतीचा ठपका आपल्यावर येऊ नये म्हणून, पोलिसांना आणि चौकातल्या चार लोकांना सांगितलं की ड्रायव्हर पिऊन होता. डॉक्टरांच्या अहवालात दारूचं नावही नव्हतं, पण अहवाल चहाच्या टपरीवर कोण वाचतो? ज्या माणसानं जन्मात दारूच्या बाटलीला हात लावला नाही, जो गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला नमाज पढायचा, तो गावात दारुडा ठरला. मयतीला आलेले लोकही दबक्या आवाजात तेच बोलत होते. भाभींची मुलगी रुखसाना तेव्हा सातवीत होती. वर्गातल्या मुलींनी तिला तोंडावर विचारलं.

भाभींनी इद्दतचे, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस घरात काढले. ते संपले त्याच दिवशी त्या सत्तारशेठच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या की जे बोललात ते परत घ्या. शेठ म्हणाला, गेलेल्या माणसाचं कशाला उकरता, रुखसानाच्या लग्नाचं मी बघीन. भाभी परत आल्या. तिथून पुढं त्यांनी या एका गोष्टीला सोडलं नाही.

रस्त्यात शेठ भेटला आणि त्यानं सलाम केला तर त्या उत्तर द्यायच्या. मी एकदा विचारलं, त्याच्या सलामाला उत्तर तरी कशाला देता? म्हणाल्या, "सलामचं उत्तर अल्लाहचं देणं आहे, ते देते. बाकीचं माझं त्याच्याकडं आहे." कुठं लग्नात, कुठं बारशात कुणी शेठच्या दानधर्माचं कौतुक काढलं, की भाभी हातातलं ताट खाली ठेवून सांगायच्या: ब्रेक नसलेली गाडी त्यानं युसूफला दिली, आणि युसूफ मेल्यावर त्याला दारुडा म्हटलं. आवाज चढवायच्या नाहीत. पूर्ण सांगायच्या आणि परत ताट उचलायच्या. हळूहळू बायका त्यांच्यासमोर शेठचं नाव काढेनाशा झाल्या. मग त्यांना बोलावेनाशा झाल्या.

दुपारची नमाज त्या अंगणवाडीच्या खोलीतच पढायच्या, पोरं झोपली की. नमाजेनंतर हात पसरून बराच वेळ बसायच्या. एकदा मी सहज विचारलं, की एवढा वेळ काय मागता? त्यांनी सरळ सांगितलं, "रुखसानाला चांगलं घर मिळू दे. गुडघा बरा होऊ दे. आन् सत्तारशेठचं वाटोळं होऊ दे."

देवाकडं असं मागावं का, असं काहीतरी पुटपुटले. त्या नमाजेची चटई घडी घालत म्हणाल्या, "मग काय मागू बाई? त्याचं भलं कर म्हणू? आत काय आहे ते त्याला दिसतंच की. त्याच्यासमोर बसून तरी झूट बोलू नये."

असं बरंच चाललं. रुखसाना बारावीला गेली. आणि एके दिवशी शाळा सुटायच्या वेळेला आवाराच्या फाटकासमोर गाडी करकचून थांबल्याचा आवाज आला. शिवलिंगअप्पा नावाचे एक म्हातारे गृहस्थ रस्त्यावर पडले होते, पाय वाकडा झालेला. गाडी होती सत्तारशेठच्या मुलाची, इम्रानची. तो खाली उतरून अप्पांना उचलायला बघत होता आणि लोक त्याला ओढत होते. बापाच्या जोरावर माजलाय, पिऊन चालवतो, असा कालवा सुरू झाला. दोघा-चौघांनी हात टाकलेही होते. पोलीस हवालदार आला. त्यानं विचारलं, कुणी पाहिलं का? भाभी फाटकातच उभ्या होत्या, पोरांना घरी सोडत. त्यांनी सगळं पाहिलं होतं. गर्दीतल्या एकानं त्यांनाच पुढं केलं. त्याला युसूफभाईचं सगळं माहीत होतं. तो जवळजवळ आनंदानं म्हणाला, भाभी, तुम्ही सांगा, पिलाय ना हा?

सगळं गाव एका शब्दाची वाट बघत होतं, असं मला वाटलं. भाभी पुढं गेल्या, इम्रानच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेलं, वास घेतला. मग हवालदाराला म्हणाल्या, "न्हाय. पिलेला न्हाय. गाडी हळू होती. अप्पा उभ्या टेम्पोच्या मागनं एकदम आले. यानं ब्रेक दाबला म्हणून अप्पा जिवंत हाईत."

गर्दी पांगली. इम्राननंच अप्पांना दवाखान्यात नेलं. भाभी खोलीत आल्या आणि बाकड्यावर बसल्या. मी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"बाई," त्या म्हणाल्या, "नुसतं व्हय म्हणायचं होतं."

मी म्हटलं, तुम्ही फार चांगलं केलंत.

"चांगलं-बिंगलं काय न्हाय. मी व्हय म्हणाले असते, तर युसूफबद्दल तो जे बोलला तेच मी बोलले असते. म्हणून न्हाय म्हणाले." पाणी पिऊन परत म्हणाल्या, "पण मला बरं वाटलं न्हाय, हां. पोरगा सुटला याचं मला वाईटच वाटतंय. तुमच्याशी कशाला खोटं बोलू."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सत्तारशेठनं हजला जायचं ठरवलं. जाण्याआधी ज्याचं ज्याचं आपल्याकडून मन दुखावलं असेल त्याच्या दारी जाऊन माफी मागायची पद्धत आहे. शेठ घरोघर फिरला. सगळे म्हणाले, माफ केलं, आमच्यासाठी दुआ करा. शेवटी भाभींचं घर राहिलं.

मी त्या दिवशी त्यांच्याकडं कुकर परत करायला गेले होते. शेठ मौलानांना आणि गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. मी उठायला लागले तर भाभींनी हाताला धरून बसवलं. बोलणं त्यांच्या दखनीत झालं, मी माझ्या मराठीत सांगते.

शेठ खाली मान घालून म्हणाला, की हजला निघालोय, कहा-सुना माफ करा. आणि मग, स्वतःहून, इम्रानचं बोलला. तुम्ही त्या दिवशी माझ्या पोराबद्दल खरं बोललात, तुमचं दिल मोठं आहे, आता मलाही माफ करा.

भाभी म्हणाल्या, "तुमच्या पोराबद्दल खरं बोलले, तसंच तुमच्याबद्दलबी खरं सांगते. मी माफ केलेलं न्हाय."

म्हातारे चुळबुळले. एकानं समजावलं, की अल्लाहच्या घरी जाणाऱ्या माणसाला असं अडवू नये, एक शब्द म्हणायला काय जातं? भाभी मौलानांकडं वळल्या.

"मौलाना, माफ करण्यात मोठं पुण्य आहे, मला ठाऊक आहे. पण माझ्या दिलात माफी न्हाय. नुसती तोंडानं म्हणू का? तुम्ही सांगा, म्हणते."

मौलाना तरुण होते, चष्मा लावणारे. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नको. तोंडानं नको."

शेठचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, काय केलं तर तुमच्या दिलात येईल? भाभी म्हणाल्या, "ज्या चौकात ते बोललात तिथंच खरं बोला. मग बघू. पण येईलच असा वादा मी करत न्हाय."

शेठ उठला. चहा तसाच राहिला.

निघायच्या दिवशी शेठच्या घरासमोर मांडव होता. हैदराबादला जाणारी गाडी फुलांनी सजवलेली. हार, मिठ्या, कर्ण्यावर पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं चाललेलं. कर्ण्याचा आवाज थेट चौकापर्यंत जात होता. भाभी सकाळी माझ्याकडं आल्या, इस्त्री केलेला बुरखा घालून, आणि म्हणाल्या, चला माझ्याबरोबर. आम्ही मांडवात गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडं, सायकलच्या दुकानासमोर उभ्या राहिलो, गाडीच्या बरोबर समोर. शेठ बाहेर आला तेव्हा हारांमधून त्याचं पहिलं लक्ष आमच्याकडं गेलं. भाभी हलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मला त्या नजरेची भीती वाटली.

कुणीतरी शेठच्या हातात माईक दिला. दोन शब्द बोलायचे, सगळ्यांची माफी मागायची आणि गाडीत बसायचं, एवढंच होतं. शेठनं सुरुवात केली, थांबला. परत सुरुवात केली. मग त्याच्या तोंडून निघालं, की युसूफ माझा ड्रायव्हर होता, तो दारू पीत नव्हता. ब्रेक धरत नाहीत असं त्यानं मला सांगितलं होतं, मी म्हणालो जा. दारूची गोष्ट मी उठवली, खोटी उठवली.

इम्राननं बापाच्या हातातला माईक काढून घ्यायला हात पुढं केला. शेठनं तो झटकला आणि तेच परत एकदा बोलला. चौकातले लोक चहाचे कप हातात धरून उभे होते. शेठ रडत होता, आणि रडत रडत भाभींकडं बघत होता. सगळे बघत होते.

भाभी रस्त्याच्या मध्यापर्यंत गेल्या.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "दिलात अजून आलेलं न्हाय. आलं की कळवीन."

आणि गुडघ्यावर दबत घराकडं चालू लागल्या.

गाव त्या दिवसापासून उलटलं. आजवर शेठला नावं ठेवणारेही म्हणायला लागले, की एवढा मोठा माणूस भर रस्त्यात रडला, आणि ही दगडाची बाई. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पायरीवर मी विचारलं, की भाभी, तुम्ही जे मागितलं ते त्यांनी केलं, मग आता काय राहिलं?

त्यांनी डबा उघडलाच नाही. म्हणाल्या, "मलाबी वाटलं होतं, ऐकलं की उतरंल. तसं न्हाय झालं. उलट जास्त चढलं. एवढं सोपं होतं ते बाई. दोनच तर वाक्यं होती. मग एवढी वर्षं त्यानं का न्हाय म्हटली? माझी रुखसाना खाली मान घालून शाळेत जायची."

मी माझाही डबा बंद केला.

शेठ हज करून परत आला. रिवाजाप्रमाणे घरोघर जमजमचं पाणी आणि खजूर वाटली गेली. भाभींच्या घरीही इम्रान स्वतः घेऊन आला. भाभींनी पाण्याची बाटली ठेवून घेतली, बिस्मिल्ला म्हणून त्याच्यासमोरच प्याल्या, आणि खजुराची पिशवी त्याच्या हातात परत दिली. पाणी अल्लाहचं आहे, म्हणाल्या, खजूर तुमच्या अब्बांची. गाव शेठला हाजीसाहेब म्हणायला लागलं. भाभी सत्तारशेठच म्हणत राहिल्या.

पण एक झालं. चौकात युसूफभाईचं नाव निघालं की लोक आता ट्रॅक्टरची गोष्ट सांगतात. बायका-पोरं वाचवली म्हणतात. रुखसानाचं लग्न ठरताना सोलापूरच्या पाहुण्यांनी गावात चौकशी केली, तर त्यांना तेच ऐकायला मिळालं. भाभींनी मात्र मुलीला लहानपणी फिट यायच्या, हे पाहुण्यांना बसल्या बसल्या सगळ्यात आधी सांगितलं. मध्यस्थानं कपाळाला हात लावला. पाहुणे घरी जाऊन विचार करून आले आणि हो म्हणाले.

निवृत्त झाल्यावर भाभी मुलीकडं राहायला सोलापूरला निघाल्या. शेळ्या विकल्या, घर पुढच्या महिन्यापासून भाड्यानं दिलं. मी त्यांना बसवायला एसटी स्टँडवर गेले. सकाळची वेळ होती, गर्दी फार नव्हती. पिशव्या वर टाकून त्या खिडकीशी बसल्या, मी खाली उभी. सत्तारशेठ त्या दिवसांत अंथरुणाला खिळला होता. दुखणं बरं होणार नाही, असं सगळे बोलत होते. इम्रान भाभींकडं दोनदा येऊन गेला होता, हे मला माहीत होतं.

मी विचारू नये म्हणत होते, तरी विचारलं.

"आलं का हो दिलात?"

दुसरं कुणी असतं तर जाता जाता 'झालं एकदाचं' म्हणून मोकळं झालं असतं. शमीमभाभी खिडकीच्या गजाला धरून विचार करत बसल्या. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आला, पुढं गेला, तरी त्या विचारच करत होत्या. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आज पहाटे फजरच्या नमाजेला वाटलं होतं, आलं म्हणून," त्या म्हणाल्या. "कळवायला निघालेबी होते. मग घराचं कुलूप लावताना युसूफच्या चपला दिसल्या." त्यांनी मान हलवली. "न्हाय बाई. अजून न्हाय."

गाडी वळली. त्यांनी ओढणी कपाळावर पुढं ओढली आणि दोन्ही हातांनी जोर लावून खिडकीची काच खाली पाडली.